जिथे उतारा चालत नाही : कॉस्मिक हॉरर वाचायला सुरुवात करणाऱ्यांसाठी

कॉस्मिक हॉररच्या, म्हणजे अफाट विश्वापुढे माणूस किती क्षुल्लक आहे या भीतीच्या कथांच्या, वाटेला मी तीनदा गेलो आणि त्यातल्या दोन वेळा रिकाम्या हाताने परत फिरलो. पहिल्यांदा कॉलेजात असताना. मित्राने एच. पी. लव्हक्राफ्ट या अमेरिकन लेखकाचा जाडजूड कथासंग्रह हातात दिला आणि मी त्यातली सगळ्यात लांब कथा निवडली. अंटार्क्टिकाचा बर्फ, खडकांचे थर, ड्रिलिंगचं यंत्र यांची वर्णनं वाचत कशीबशी तीस-चाळीस पानं रेटली आणि पुस्तक परत केलं. काही वर्षांनी दुसरी एक कथा घेतली आणि भूत कधी येतंय याची वाट बघत शेवटपर्यंत गेलो. भूत आलंच नाही.

तिसरी खेप 2020 च्या जूनमधली. लॉकडाउनमुळे मी मार्चपासून श्रीवर्धनला आत्याकडे अडकलो होतो. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ तिथेच किनाऱ्याला धडकलं. दुपारच्या दोन-तीन तासांत आत्याच्या वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या आणि दोन माड गोठ्यावर पडले. पोफळ लावली की सुपारी हाताशी यायला सहा-सात वर्षं जातात, आणि यातली कितीतरी झाडं तिच्या सासऱ्यांनी लावलेली. पुढे कित्येक आठवडे वीज नव्हती. रोज तिन्हीसांजेला आत्या पडवीत बसायची आणि एकच वाक्य म्हणायची, "आमचं काय चुकलं रे?" देवाचं सगळं वेळच्या वेळी झालेलं होतं. वाडीच्या राखणदाराला द्यायची वर्षाची राखणही चुकवलेली नव्हती.

अशाच एका संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात मी लव्हक्राफ्टची 'द कलर आउट ऑफ स्पेस' वाचली. तिच्यात नेहम गार्डनर नावाचा शेतकरी आहे. त्याची बाग, गुरं, घरची माणसं एकेक करून हातची जातात, तेव्हा तो म्हणतो की ही कसली तरी शिक्षा असणार, पण कशाबद्दलची ते कळत नाही, कारण आपण तर आयुष्यभर देवाच्या मार्गानेच चालत आलो. मी पुस्तक मिटून पडवीकडे बघितलं. आत्या तिथेच बसली होती.

त्या दिवसापासून हा साहित्यप्रकार मला उमगायला लागला. माझ्या आधीच्या दोन खेपा चुकीच्या दारातून शिरण्यात गेल्या. तुमच्या जाऊ नयेत म्हणून हे पायरी-पायरीने लिहितो आहे.

1. भुताची अपेक्षा दाराबाहेर ठेवा

ही पायरी चुकली की पुढची सगळी वाट चुकते.

आपण लहानपणापासून ऐकलेल्या भुतांना पत्ता असतो आणि तक्रार असते. मुंजा पिंपळावर राहतो. समंध आपल्या जागेवरून हलत नाही. हडळीच्या मागे तिच्या बाळंतपणातल्या मरणाची कहाणी असते. भगत बसतो, विचारतो, "काय पाहिजे तुला?" आणि उत्तर मिळतं: नारळ, कोंबडा, दहीभात, नाहीतर एखादं राहून गेलेलं कार्य. तिठ्यावर उतारा ठेवला, मागे वळून न बघता घरी आलं की प्रकरण मिटतं. ही सगळी व्यवस्था एका विश्वासावर उभी आहे: पलीकडे जे कोणी आहे ते आपल्याला ओळखतं, आपल्यावर रागावतं, म्हणून त्याची समजूतही काढता येते.

कॉस्मिक हॉररमध्ये हा विश्वासच काढून घेतलेला असतो. काहीतरी येतं, आपल्या कल्पनेपलीकडच्या अंतरावरून किंवा काळातून. त्याला आपल्याशी वैर नसतं. आपण आहोत याची त्याने दखल घेतलेलीच नसते. उतारा ठेवायचा कुणासमोर? लव्हक्राफ्टने 1927 साली 'वीअर्ड टेल्स' मासिकाच्या संपादकाला पत्र लिहून आपल्या कथांचा पाया स्पष्ट केला होता. माणसाचे कायदे, त्याचे हितसंबंध, त्याच्या भावना यांना या अफाट विश्वात काहीही अर्थ नाही, हे गृहीत धरून आपण लिहितो, असं तो त्यात म्हणतो.

म्हणून वाचताना "हे मारणार कसं?" किंवा "याला काय हवंय?" हे प्रश्न बाजूला ठेवा. त्यांची उत्तरं येत नाहीत. एकच प्रश्न धरून ठेवा: या माणसांना स्वतःबद्दल जे वाटत होतं, त्यातलं काय काय मोडलं?

2. जमवाजमव

फारसा खर्च नाही.

- मूळ कथा. लव्हक्राफ्ट 1937 साली वारला. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळे त्याच्या कथा आपल्याकडे केव्हाच मुक्त झाल्या आहेत आणि इंटरनेटवर फुकट, कायदेशीर मिळतात. पुढे नाव घेतलेले अल्जर्नन ब्लॅकवुड आणि रॉबर्ट चेंबर्स यांच्या कथाही प्रोजेक्ट गुटेनबर्ग या फुकट ई-पुस्तकांच्या साइटवर आहेत.
- इंग्रजी-मराठी शब्दकोश, पण हाताच्या अंतरावर. लव्हक्राफ्टची इंग्रजी त्याच्या काळातही जुनाट होती. प्रत्येक शब्दाला थांबलात तर लय तुटते. पानात दोनच शब्द बघायचे, असा नियम मी घालून घेतला.
- पेन्सिल आणि वही.
- सलग दीड तास. या कथा हळूहळू चढतात. लोकलमध्ये दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून वाचल्यात तर हाती काही लागणार नाही.
- ताऱ्यांचा नकाशा. फोनवरचं ॲप चालेल. कशाला, ते पाचव्या पायरीत.
- कथा ऐकवायला एक माणूस. इंग्रजी न येणारं असेल तर जास्त चांगलं.

3. पहिली कथा : 'द कलर आउट ऑफ स्पेस'

पहिली कथा कोणती, यावर लोक वाद घालतात. माझं मत ठाम आहे. 'द कॉल ऑफ क्थुलू'पासून सुरुवात करू नका, मी अर्ध्यात सोडलेल्या अंटार्क्टिकाच्या कथेपासून तर अजिबात नको. ही घ्या. 'अमेझिंग स्टोरीज'च्या सप्टेंबर 1927 च्या अंकात ती छापली गेली आणि लव्हक्राफ्टला तिचे अवघे 25 डॉलर मिळाले, तेही तगादा लावल्यावर.

तिच्यात प्राचीन देव नाहीत, मंत्रांची पोथी नाही, लक्षात ठेवायची नावं मोजकी. आहे ते एक शेत, एक विहीर आणि एक कुटुंब. शेतीवाडीशी ज्याचा थोडाही संबंध आला आहे, त्याला ही कथा बाकी कुणापेक्षा लवकर कळते असं मला वाटतं.

जून 1882. मॅसॅच्युसेट्समधलं आर्कम हे काल्पनिक गाव, त्याच्या पश्चिमेचा डोंगराळ मुलूख. नेहम गार्डनरच्या अंगणात, विहिरीच्या शेजारी, आकाशातून एक दगड पडतो. विद्यापीठातून तीन प्राध्यापक येतात. दगड विचित्र मऊ आहे, छिन्नी मारायची गरजच नाही, खरवडून तुकडा निघतो. तो गार होत नाही म्हणून नेहमच्या स्वयंपाकघरातून जुनी बादली मागून घेतात. वाटेत विसाव्याला थांबतात तेव्हा बादलीचा बूड जळत चाललेला दिसतो. प्रयोगशाळेत तो तुकडा काचेच्या पात्रात ठेवला जातो आणि काही वेळाने तुकडाही नाहीसा होतो, पात्रही. त्याच्या प्रकाशाचं पृथक्करण करतात तर ओळखीच्या कुठल्याच रंगात न बसणारे पट्टे दिसतात. दगडाच्या पोटात त्याच रंगाची एक गोळी सापडते. एक प्राध्यापक हातोडीने टिचकी मारतो, बारीकसा फट् आवाज होतो, गोळी फुटते. आत काही नसतं. त्या रात्री विजा पडतात आणि सकाळी दगडाच्या जागी नुसता खड्डा उरतो.

यानंतर लव्हक्राफ्ट घाई करत नाही, तुम्हीही करू नका. त्या वर्षी फळं धरतात ती कधी नव्हती एवढी मोठी आणि तजेलदार. नेहम जास्तीची पिंपं मागवतो. मग पहिला घास घेतला जातो आणि कळतं, सगळं कडू. एकही फळ खाण्यालायक नाही. माझ्या दृष्टीने कथेतली सगळ्यात भीतिदायक जागा हीच. सगळं जोमात आहे, फक्त ते आता माणसासाठी उरलेलं नाही. पुढच्या वसंतात वारा नसताना झाडं हलतात. हिरवं होतं ते करडं आणि ठिसूळ होत जातं. बायको, मुलगे, गुरं, एकेक करून.

इथे वहीत तीन गोष्टी टिपा. विहिरीचं नाव कुठे कुठे येतं. शेजारी येणं कधी बंद करतात. नेहमला काहीतरी बिघडलंय हे कधी कळतं आणि तरीही तो तिथून का हलत नाही. या तिसऱ्या नोंदीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण वादळानंतर वाडी विकून मुंबईला या असं आत्याला सांगणारे कितीतरी जण होते.

शेवटी नेहम मरताना जे तुटक बोलतो ते न्यू इंग्लंडच्या खेडवळ बोलीत आहे. डोळ्यांनी वाचलंत तर अडखळाल, मोठ्याने वाचा. थंड आहे, ओलं आहे, तरी जाळतं, असं तो त्या रंगाबद्दल सांगतो. त्याला त्याचा हेतू सांगता येत नाही. आपल्यालाही शेवटपर्यंत कळत नाही की तो रंग सजीव होता, रोग होता की आणखी काही.

वीज आणि नेटवर्क परत आलं तेव्हा फोनवर लोणारचे फोटो आले. त्याच जूनमध्ये बुलढाण्यातल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं ते विवर आकाशातून आलेल्या दगडानेच काळ्या बेसाल्ट खडकात खणलेलं आहे. कथा नुकतीच वाचलेली, त्यामुळे ते फोटो बघताना माझ्या अंगावर काटा आला. पुढे पुण्याच्या आघारकर संस्थेच्या संशोधकांनी खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव हे त्याचं कारण असल्याचं दाखवून दिलं. प्रश्न सुटला. कथेतले प्राध्यापकही हेच करत होते, प्रामाणिकपणे, एकामागून एक चाचण्या. त्यांच्या हाती उत्तर लागत नाही. जगाला नियम आहेत आणि ते आपल्याला समजण्याजोगे आहेत, या भरवशावर आपण किती भार टाकलेला असतो ते तिथे जाणवतं.

4. गोष्ट कोण सांगतंय ते पकडा

लव्हक्राफ्टच्या कथेत घटना समोर क्वचितच घडते. कुणीतरी ऐकलेलं सांगतो, जुनी पत्रं चाळतो, कात्रणं जुळवतो. वरच्या कथेत धरणाच्या मोजणीसाठी आलेला सर्वेक्षक आमी पियर्स नावाच्या म्हाताऱ्याकडून ऐकलेलं आपल्याला सांगतो. हे पापुद्रे ध्यानात घेतले नाहीत तर कथा उगाच फिरवून सांगितल्यासारखी वाटते. वहीत एक ओळ लिहून टाका: बघितलं कुणी, ऐकलं कुणी, सांगतंय कोण.

इथले दोन खड्डे.

पहिला, विशेषणांचा. "अवर्णनीय", "नाव घेऊ नये असं", "भयाण प्राचीन" अशा शब्दांचा लव्हक्राफ्ट मारा करतो. कधी कधी तो हद्द करतो हे त्याच्या चाहत्यांनीही मान्य करावं, मी करतो. अशा ठिकाणी रेंगाळू नका. त्याची खरी ताकद नेमक्या, रुक्ष तपशिलात आहे: बादलीचा बूड, पिंपांची मागणी.

दुसरा खड्डा चित्रांचा. क्थुलू हा लव्हक्राफ्टचा राक्षसी देव आज टी-शर्टवर आहे, मऊ खेळण्यात आहे, 1981 पासून चालत आलेल्या त्याच्या नावाच्या खेळात आहे. आधी चित्र बघितलंत की डोक्यात आठ पायांचा प्राणी बसतो आणि कथा वाचताना तुम्ही त्याच्या एंट्रीची वाट बघत बसता. निदान पहिल्या तीन कथा होईपर्यंत चित्रं शोधू नका.

5. एक रात्र आकाशाखाली काढा

ही पायरी बरेच जण गाळतात. गाळू नका.

लव्हक्राफ्टचा जन्म 1890 चा, अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरातला. वडील आणि पुढे आई, दोघंही एकाच मनोरुग्णालयात वारले. पोरवयात त्याला खगोलशास्त्राचं वेड लागलं, सोळाव्या वर्षापासून तो स्थानिक वर्तमानपत्रांत आकाशाबद्दल सदरं लिहायचा. खगोलशास्त्रज्ञ व्हायचं होतं, गणित आडवं आलं, तब्येत ढासळली आणि शाळाही पुरी झाली नाही. आकाश मात्र सुटलं नाही.

आणि त्याच काळात ते आकाश पसरत होतं. 1920 साली शास्त्रज्ञ जाहीर वाद घालत होते की आपली आकाशगंगा म्हणजेच सगळं विश्व की तिच्या बाहेरही अशा दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे अफाट समूह, आहेत. 1923 मध्ये एडविन हबलने माउंट विल्सनच्या 100 इंची दुर्बिणीतून देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेतला एक रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणारा, तारा हेरला आणि त्यावरून ती आपल्या आकाशगंगेच्या खूप बाहेर आहे हे सिद्ध झालं. 1 जानेवारी 1925 ला हे शास्त्रज्ञांच्या सभेत वाचून दाखवलं गेलं. 'द कॉल ऑफ क्थुलू' लिहिली गेली 1926 च्या उन्हाळ्यात. त्याच्या कथांमधलं भय हवेतून आलेलं नव्हतं. तेव्हाच्या वर्तमानपत्रात जी बातमी होती, तिचा मनावर होणारा परिणाम तो लिहीत होता. 1930 मध्ये प्लूटो सापडला तर त्याच वर्षी लिहिलेल्या कथेत त्याने तो आपल्या काल्पनिक युगॉथ ग्रहाला जोडूनही टाकला.

करायचं एवढंच: ऑक्टोबर ते डिसेंबरमधली अमावास्येच्या आसपासची रात्र निवडा. शहराच्या उजेडापासून लांब जा, एखादा गड, धरणाची भिंत, गावाकडची गच्ची. शर्मिष्ठा (कॅसिओपिया) नक्षत्र शोधा, इंग्रजी एम किंवा डब्ल्यूसारखं दिसतं. त्याच्या दोन टोकांपैकी जे जास्त अणकुचीदार आहे ते बाणासारखं देवयानीकडे रोखलेलं असतं. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं द्या, फोन खिशात ठेवा. पुसट धुरकट डाग दिसेल. तो प्रकाश तिथून निघाला त्याला सुमारे 25 लाख वर्षं झाली.

मी हे आत्याच्या खळ्यातून बघितलं, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. पोफळी गेल्यामुळे आकाश मोकळं झालं होतं. पूर्वी तिथून वर बघितलं तर नुसती झावळं दिसायची. तो डाग बघताना मला भीती वाटली, हे खरं. पण वर्षभर छातीवर बसलेलं काहीतरी सैलही झालं. वादळाने आमच्या वाडीला निवडलेलं नव्हतं. कुणी हिशेब मांडून शिक्षा दिलेली नव्हती. ज्या विश्वात आपली दखल नाही, त्यात आपल्यावर कुणाचा डूखही नाही. या कथांकडे माणसं पुन्हा पुन्हा का वळतात, त्याचं मला सापडलेलं उत्तर हेच आहे. लव्हक्राफ्टला हा दिलासा द्यायचा होता असं मी म्हणणार नाही. मला तो तिथे मिळाला.

6. पुढचा क्रम

दुसरी वाचा ब्लॅकवुडची 'द विलोज', 1907 ची, लव्हक्राफ्टच्या आधीची. लव्हक्राफ्टला ती फार मोठी कथा वाटायची. पुराने फुगलेल्या डॅन्यूब नदीतून छोट्या होडीने जाणारे दोन मित्र वाळुंजांनी भरलेल्या बेटावर मुक्काम करतात. घडतं फार थोडं. सकाळी एक वल्हं कुणीतरी तासून पातळ केलेलं सापडतं. वाळूत नरसाळ्यासारखे खड्डे दिसतात. ज्याने पावसाळ्यात नदीकाठी रात्र काढली आहे त्याला वेगळं सांगायला नको.

तिसरी, आता, 'द कॉल ऑफ क्थुलू'. हिची सुरुवात लक्ष देऊन वाचा. माणसाला आपल्याच डोक्यातली माहिती एकत्र जोडता येत नाही ही जगातली सर्वात मोठी दया आहे, असं तिथे म्हटलंय.

मग 'द शॅडो ओव्हर इन्समथ', उजाड बंदराच्या गावाची. आणि सगळ्यात शेवटी माझी जुनी शत्रू, 'अॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस'. 1931 साली लिहिलेली, 'वीअर्ड टेल्स'ने नाकारलेली, 1936 मध्ये दुसरीकडे छापून आलेली. खडकांच्या थरांची जी वर्णनं मला कंटाळवाणी वाटली होती, तीच आता श्वास रोखून वाचली. थर म्हणजे काळ. माणूस त्या काळाच्या अगदी वरच्या, नखाएवढ्या पापुद्र्यात आहे.

लव्हक्राफ्टच्या पुढे जायचं असेल तर स्तानिस्वाव लेम या पोलिश लेखकाची कादंबरी 'सोलारिस' (1961) घ्या. तिथे एक अख्खा समुद्र विचार करतो आणि पिढ्यानपिढ्या अभ्यास करूनही माणसाला त्याचा एक शब्द कळत नाही. चित्रांतून वाचायला आवडत असेल तर जुंजी इतो या जपानी चित्रकथाकाराची 'उझुमाकी'. चेंबर्सची 'द किंग इन यलो' (1895) मात्र निवडक वाचा, पहिल्या चार कथा पुरे.

7. लेखकाच्या वर्णद्वेषाला वळसा घालू नका

हे आधी कळलेलं बरं, नाहीतर मध्येच ठेच लागते. लव्हक्राफ्ट वर्णद्वेषी होता. "त्या काळात सगळेच तसे होते" म्हणून हे झाकू नये. त्याच्या पत्रांत आणि कथांत तो द्वेष उघड आहे. 1924 ते 1926 तो न्यूयॉर्कमध्ये राहिला, रस्त्यावर जगभरातून आलेली गरीब माणसं दिसायची, आणि त्यांच्याबद्दलच्या किळसेतून 'द हॉरर अॅट रेड हुक' निघाली. कथा म्हणूनही ती कमकुवत आहे. 'क्थुलू'मध्येही काळ्यासावळ्या माणसांची वर्णनं वाचवत नाहीत.

विश्वापुढे सगळी माणसं सारखीच क्षुल्लक आहेत म्हणणाऱ्याला शेजारच्या गल्लीतली माणसं सारखी दिसली नाहीत. हा विरोधाभास मनात ठेवूनच वाचा. वर्ल्ड फँटसी पुरस्काराचं मानचिन्ह पूर्वी लव्हक्राफ्टच्या चेहऱ्याचं असे. लेखकांनी आवाज उठवल्यावर ते बदलण्याचा निर्णय 2015 मध्ये झाला. व्हिक्टर लव्हॅल या कृष्णवर्णीय लेखकाने 2016 मध्ये 'द बॅलड ऑफ ब्लॅक टॉम' लिहिली, तीच रेड हुकची कथा न्यूयॉर्कमधल्या हार्लेम वस्तीतल्या एका काळ्या तरुणाच्या बाजूने. दोन्ही लागोपाठ वाचा. ज्याला रोज रस्त्यावर पोलीस अडवतात, त्याला विश्वाच्या बेफिकिरीची भीती कितपत वाटणार, हा प्रश्न लव्हॅल विचारतो, आणि त्याने माझं वाचन बदललं.

8. आपल्याकडे काय आहे

मराठीत भयकथेची गोडी लावली ती नारायण धारपांनी (1925–2008). दुसऱ्या मितीतून झिरपणारं काहीतरी त्यांच्याकडे पुष्कळदा भेटतं. पण त्यांच्या 'समर्थ' कथांमध्ये अडकलेल्या माणसाच्या मदतीला समर्थ येतात. वाईट शक्ती आहे तशी चांगलीही आहे, आणि तिला आपली काळजी आहे. म्हणून त्या कथा वाचून झोप लागते. 2018 चा 'तुंबाड' सिनेमा बघितला असेल तर त्यातला हस्तर हा शापित देव आठवा. 19व्या शतकातल्या अमेरिकन कथांत आलेल्या हॅस्टर या नावाशी त्याचं नाव जुळतं. पण हस्तरला भूक आहे आणि त्याच्यासमोर कणकेची बाहुली ठेवता येते. म्हणजे उताराच. तो सिनेमा मला अतिशय आवडतो, पण त्यातलं भय माणसाच्या हावरेपणाचं आहे.

या सगळ्याच्या सगळ्यात जवळ जाणारं आपल्याकडचं स्थळ मला गीतेच्या अकराव्या अध्यायात दिसतं. अर्जुनाने विश्वरूप बघायचं मागून घेतलेलं असतं. दिसल्यावर त्याला दिशा कळेनाशा होतात, "दिशो न जाने न लभे च शर्म". तो विचारतो, उग्र रूपाचा तू आहेस तरी कोण? आणि पुढे काकुळतीला येऊन म्हणतो, तुझं ओळखीचं रूप परत दाखव. इथपर्यंत लव्हक्राफ्टचा कुठलाही नायक अर्जुनाच्या शेजारी उभा करता येईल. पण अर्जुनाला उत्तर मिळतं. मी काळ आहे, असं समोरून सांगितलं जातं, आणि नंतर ते ओळखीचं, सौम्य रूपही परत येतं. नेहम गार्डनर विहिरीकडे बघत तोच प्रश्न विचारतो. विहिरीतून कुणी बोलत नाही. ज्ञानेश्वरीतला हा अध्याय घरात असेलच, 'कलर' वाचल्यानंतर तो पुन्हा काढा. मी काढला, तेव्हा अर्जुनाची भीती मला पहिल्यांदा खरी वाटली.

9. कधी थांबायचं

तुम्ही नुकतंच कुणाला गमावलं असेल, किंवा "कशालाच अर्थ नाही" हे वाक्य आधीच डोक्यात दिवसरात्र फिरत असेल, तर या कथा आत्ता नको. मला ज्यातून मोकळं वाटलं त्यातूनच दुसरा माणूस आणखी खाली जाऊ शकतो. आधी घरच्यांशी, डॉक्टरांशी बोला. टेली-मानसची सरकारी हेल्पलाइन 14416 वर आहे, मराठीतही बोलता येतं. पुस्तकं कुठे जात नाहीत.

बरं असतानाही सलग तीनपेक्षा जास्त कथा वाचू नका. चौथीपर्यंत मन बोथट होतं आणि सगळ्या सारख्याच वाटायला लागतात.

10. ऐकवा

शेवटचं काम. वाचलेली एक कथा कुणाला तरी आपल्या भाषेत, आपल्या शब्दांत, अर्ध्या तासात सांगा. "कॉस्मिक" हा शब्द वापरायचा नाही. सांगताना जिथे अडखळाल ती जागा तुम्हाला अजून कळलेली नाही, परत वाचा. मला तो रंग सांगता येईना. ऐकणाऱ्याने विचारलं, "जांभळा का?" नाही. "मग शेवाळी?" नाही. तिसऱ्या प्रश्नाला मी गप्प झालो, आणि माझ्या लक्षात आलं की लव्हक्राफ्टनेही तो सांगितलेला नाही, फक्त रंग म्हणण्यापुरता तो रंग होता एवढंच म्हटलंय.

मी आत्याला सांगितली होती. ती सुपाऱ्या सोलत ऐकत होती, वादळात पडलेल्या झाडांच्याच, शेवटच्या. दगड पडला, फळं कडू झाली, गुरं गेली, बायकोला वेड लागलं, इथपर्यंत रंगाचे प्रश्न सोडले तर ती काही बोलली नाही. मग हात थांबवून तिने विचारलं, "पाणी कुठलं पीत होती ती माणसं?"

मी म्हटलं, त्याच विहिरीचं.

"वरच्या अंगाला दुसरी खणायची होती," ती म्हणाली.

कथेत शेजारचा आमी पियर्स नेहमला हेच सांगतो, उंचावर दुसरी विहीर खण म्हणून. नेहम खणत नाही. मी आत्याला तसं सांगितलं. तिने मान हलवली आणि पुढची सुपारी उचलली. त्या पावसाळ्याच्या शेवटी, पडलेल्या पोफळींच्या जागी, तिने रोपं लावून घेतली.